तीन किल्ल्या आणि गाबाचोचा पाव

माझं आणि नेपोलियनचं वैयक्तिक भांडण काहीही नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. विल्यासार्सा गावात ज्याला म्हणून गाडी चालवता येते त्याला ती मी शिकवली आहे, आणि ज्याला येत नाही त्यालाही मीच शिकवली आहे. शेजारच्या सीटवर बसून आयुष्यभर दुसऱ्याच्या चुकांवर ब्रेक मारत राहिलं की माणसाचा स्वभाव आपोआप सावध होतो. अशा माणसानं सम्राटांच्या भानगडीत पडू नये. मी पडलो, आणि त्याला कारण झालं रविवारचं जेवण.

आम्ही चौकातल्या बेकरीच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि बेकरी सासऱ्यांची, त्यामुळे माझी सासुरवाडी म्हणजे एक जिना उतरला की आली. सासऱ्यांचं नाव सातुरियो. मुलांच्या नादानं सगळं घर त्यांना आजोबा म्हणतं, मीही म्हणतो. वय चौऱ्याऐंशी. त्या हिवाळ्यात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मीठ, वाइन आणि भट्टी या तिन्हींवर बंदी घातली. त्यातलं मीठ तेवढं त्यांनी सोडलं.

तर त्या रविवारी जेवण झाल्यावर संत्रं सोलता सोलता आजोबा कुणाकडेही न बघता म्हणाले, "एकदा तो झेंडा हातात घेऊन बघायचा होता. नुसतं वजन किती आहे ते."

माझी बायको कासिल्दा हिच्या हातातला चमचा बशीत वाजला.

आता झेंड्याचं सांगायला हवं. १८०८ साली आमच्या गावानं नेपोलियनविरुद्ध युद्ध पुकारलं. अख्खा स्पेन त्याच्याविरुद्ध उठला होताच, पण महत्त्वाचं काम दुसऱ्यावर सोपवून स्वस्थ बसणं आमच्या गावाच्या रक्तात नाही. तेव्हाच्या नगराध्यक्षानं, पाद्र्यानं आणि चिटणिसानं नगरपालिकेच्या सज्जात उभं राहून स्वतंत्र जाहीरनामा काढला, त्यावर सह्या केल्या आणि कागद पेटीत ठेवला. दरवर्षी जूनमध्ये त्या दिवशी गावाचा झेंडा नगरपालिकेपासून चर्चपर्यंत नेतात. मान दरवर्षी एका घराचा, आणि तो दारामागून दार असा सरकतो. एका घराकडे पुन्हा यायला जन्म जातो. हा मान सरकत सरकत बेकरीच्या दाराशी आला की मात्र तिथं न थांबता पुढच्या दाराला जातो. असं कुणी ठरवलेलं नाही आणि कुठं लिहिलेलंही नाही. आपण जिन्याची मोडकी पायरी कशी न बघता ओलांडतो, तसं गाव ते दार ओलांडतं.

कारण काय, तर पुढं फ्रेंच खरोखरच आले तेव्हा आजोबांच्या घराण्यातल्या बोनिफासियो नावाच्या बेकरनं त्यांच्यासाठी भट्टी पेटवली आणि त्यांना पाव खाऊ घातला. तेव्हापासून या घराला गाबाचो म्हणतात. गाबाचो म्हणजे फ्रेंच माणूस, पण नाक मुरडून म्हटलेला. आमच्याकडे आडनाव सरकारी कामापुरतं असतं, माणूस ओळखला जातो तो टोपणनावानं. माझी बायको गाबाचोंची कासिल्दा, माझी मुलं गाबाचोंची नातवंडं, आणि मी, ज्याचं फ्रान्सशी नातं शाळेत फ्रेंचमध्ये नापास होण्यापुरतं, तो गाबाचोंचा जावई.

उत्सवाचे गोड पाव मात्र वर्षानुवर्षं आजोबाच करतात आणि सगळं गाव ते बोटं चाटत खातं. त्या दिवशी आजोबा टाय लावून बेकरीच्या दारात उभे राहतात. मिरवणूक जवळ येऊ लागली की म्हणतात, "जरा भट्टी बघून येतो," आणि पडदा सारून आत जातात. झेंडा पुढं गेला की बाहेर येतात. त्या दिवशी भट्टी सकाळीच विझवलेली असते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. आजवर कुणी ते बोलून दाखवलेलं नाही.

यंदा मान बेकरीच्या दाराशी येणार होता, म्हणजेच ते दार ओलांडून शेजारच्या तोरिबियोकडे जाणार होता. आजोबांच्या हयातीत तो परत फिरकणार नव्हता. माझा वाइनचा दुसरा ग्लास झालेला होता. मी म्हणालो, "आजोबा, यंदा झेंडा तुम्ही नेणार. पेटीत कागद आहेत ना? उघडून बघू बोनिफासियोबद्दल काय लिहिलंय ते. एक अक्षर नसणार." कासिल्दानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. माझ्या गाडीला दोन ब्रेक आहेत, पण जिभेला एकही नाही.

पेटी नगरपालिकेच्या सभागृहात राजाच्या फोटोखाली असते. अक्रोडाच्या लाकडाची, लोखंडी पट्ट्या मारलेली आणि समोर तीन कुलपं असलेली. एक किल्ली नगराध्यक्षांकडे, एक पाद्र्यांकडे आणि एक त्या जुन्या चिटणिसाच्या घराण्याकडे. नियम असा, की किल्ली कुणी कुणाला द्यायची नाही. तिघांनी जातीनं यायचं आणि तिन्ही किल्ल्या एकदम फिरवायच्या. आमच्या पूर्वजांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता आणि तो नसल्याचं त्यांनी मोकळेपणानं नियमात लिहून ठेवलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. जाहीरनामा शाळेत पाठ करून घेतात, त्यामुळे पेटी उघडायची गरज कुणाला पडली नव्हती. ती उघडलेली पाहिलेला माणूस आज गावात जिवंत नाही.

शेजारी तोरिबियो टपालखात्यातून निवृत्त झालेला असल्यामुळे सरकारी कामात त्याचा शब्द शेवटचा. गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालता घालता तो म्हणाला, "अर्ज कर. पण अर्जात 'का' ते लिहू नकोस. आपण 'का' लिहिलं की ते 'का नाही' शोधत बसतात." वास्तविक पेटीतून काही भलतंसलतं निघालं तर झेंड्याचा मान त्याच्याच हातून जाणार होता. तरी त्यानं अर्जाचा मसुदा तपासून दिला, दोन स्वल्पविराम घातले आणि मी खाली रस्त्यावर उतरलो तेव्हा कुंड्यांचं उरलेलं पाणी माझ्या डोक्यावर सांडलं. तेवढ्या पाण्यावर माझं नशीब भागलं असतं तर बरं झालं असतं.

नगराध्यक्षबाई व्हिसिता माझी जुनी विद्यार्थिनी. नगरपालिकेच्या फाटकाचा डावा खांब वाकडा आहे तो तिच्या शिकाऊ काळातला. ती म्हणाली, "माझी किल्ली हजर आहे रे एलादियो. पण फादर लिबोरियो इथं पाऊल टाकायचे नाहीत." चर्चचं घड्याळ प्रत्येक तासाचे टोले दोनदा देत असे, ज्यांनी पहिल्यांदा मोजले नाहीत त्यांच्यासाठी. पाहुण्यांच्या तक्रारी येतात म्हणून व्हिसितानं दुसऱ्यांदाचे टोले बंद करायला लावले, तेव्हापासून फादरांनी नगरपालिकेवर बहिष्कार टाकला होता.

फादर म्हणाले, "माझं काही नाही बाबा, मी क्षमा करणारा माणूस. पण दोन्या ब्रिगिदा जिथं येणार तिथं मी येणार नाही." दोन्या म्हणजे बाईसाहेब; या ब्रिगिदाबाई चौकातल्या औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई, चिटणिसाच्या घराण्यातल्या विधवा सूनबाई आणि चर्चमधल्या देवीमातेची वस्त्रं सांभाळण्याचा मान असलेल्या. पांढऱ्या झग्याच्या सणाला त्यांनी मातेला निळा झगा घातला होता. मी दोन्या ब्रिगिदांकडे गेलो. त्यांनी मला खोकल्याचं औषध दिलं, जे मी मागितलं नव्हतं, आणि सांगितलं, की चौकात गाड्यांना बंदी घालून आपली औषधांची व्हॅन दारातून हटवल्याबद्दल व्हिसितानं आधी माफी मागावी, मग किल्ली.

मी विद्यार्थ्यांना शिकवतो, की वर्तुळाकार चौकात जो आधी शिरला त्याचा हक्क पहिला. इथं तिघं केव्हाचेच आत शिरलेले होते आणि बाहेर पडायचं कुणाच्याच मनात नव्हतं. मी बाहेर हॉर्न वाजवत उभा होतो.

मग मी एक डाव टाकला. अर्ज सरळ प्रांताच्या ठिकाणी वरच्या कार्यालयात पाठवून दिला. हिशेब असा, की सरकार नेहमीप्रमाणे नाही म्हणेल, तेही पुढच्या वर्षी, आणि मला आजोबांपुढं हात झटकून उभं राहता येईल. सरकारनं आठवड्याच्या आत हो म्हटलं. युद्धाला दोनशे वर्षं होत असल्यामुळे म्हणे त्यांना असल्या कागदांचीच निकड होती. उत्सवाच्या दिवशी, भर चौकात, समस्त गावकऱ्यांच्या आणि प्रांताच्या प्रतिनिधींच्या साक्षीनं पेटी उघडावी, अर्जदारानं साक्षीदार म्हणून पेटीमागं उभं राहावं, वगैरे. खाली तीन शिक्के होते. सरकारला एखादी गोष्ट मनापासून करायची असली की ते किती घातक होतं, याची कल्पना मला त्या दिवशी आली.

गावात बातमी फुटली. गाबाचोंचा जावई इतिहास बदलायला निघालाय असं बारमध्ये उघड बोललं जाऊ लागलं. बिअरबरोबर सगळ्यांना ऑलिव्हची बशी येते. मला नुसती बिअर येऊ लागली. ऑलिव्ह मला फारसे आवडत नाहीत, पण न आवडणारी गोष्ट मिळण्याचा माझा हक्क आहे की नाही? एका सकाळी गाडीच्या टपावरच्या पाटीवर कुणीतरी कागद चिकटवलेला दिसला, 'बोनापार्ट ड्रायव्हिंग स्कूल'. तोरिबियो म्हणाला काढू नकोस, काढलास तर दुसरा लावतील. म्हणून मी तो तसाच मिरवत हिंडलो. त्या कागदामुळे मला दोन नवीन विद्यार्थी मिळाले, हा तर आणखीच अपमान.

त्याच सुमारास बिशपांनी फादर लिबोरियोंच्या गळ्यात आणखी दोन गावं घातली होती आणि त्यांची मोपेड चढावर धापा टाकत असल्यामुळे ते माझ्याकडे गाडी शिकत होते. गाडीत माणसं खरं बोलतात. दोघंही समोर बघत असतात, त्यामुळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायची जबाबदारी नसते. एकदा भर चढावर, क्लच अर्धवट दाबलेला असताना, फादर म्हणाले, "एलादियो, एरवी कबुलीजबाब मी ऐकतो. आज तू ऐक."

गाडी हळूहळू मागं घसरत होती. मी ब्रेक दाबून धरला आणि ऐकलं. दोन वर्षांपूर्वी चर्चमधली मागची खोली साफ करताना गंजलेल्या लोखंडाचा ढीग त्यांनी भंगारवाल्याला देऊन टाकला होता. किल्ली त्या ढिगात होती.

"मग टोल्यांचं भांडण?" मी विचारलं.

"अरे, त्या दुसऱ्या टोल्यांनी मलाच झोप लागत नसे. पण भांडण मिटलं असतं तर एक ना एक दिवस पेटी उघडायची वेळ आली असती. तू कुणाला बोलू नकोस. मी घंटाघराची जुनी किल्ली घेऊन येतो. बाकी दोन कुलपं उघडतील, माझं अडेल, गंजावर ढकलून देऊ."

मी शपथ घेतली. पुढच्याच आठवड्यात व्हिसितानं मला कचेरीत बोलावून दार लावून घेतलं. तिची किल्ली माद्रिदच्या पर्यटन मेळ्यात काचेच्या डब्यात मांडून ठेवली होती. डबा परत आला, त्यातली मखमल परत आली, किल्ली नाही आली. "बाकी दोघांच्या आहेत ना," ती म्हणाली, "मी आमच्या धान्याच्या कोठीची आणते. माझं एक अडेल, गंज म्हणू." मी पुन्हा शपथ घेतली.

दोन्या ब्रिगिदांना वेगानं गाडी चालवायची हौस आहे. त्यापायी दर दंडाला कापले जाणारे त्यांचे लायसनवरचे गुण संपत आले होते आणि ते परत मिळवायला त्या माझ्या वर्गात बसत. एकदा वर्ग सुटल्यावर त्या थांबल्या. पर्समधून रुमाल काढला आणि म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला उत्सवाचं जॅकिट फार शोभायचं. आम्ही त्याला तेच घालून पुरलं." मी सहानुभूती दाखवली. त्या म्हणाल्या, "किल्ली त्या जॅकिटाच्या खिशात होती, एलादियो." आम्ही दोघांनी फळ्यावरच्या 'थांबा' या चिन्हाकडे पाहिलं. त्या विषारी औषधांच्या कपाटाची किल्ली आणणार होत्या. गंजाची कल्पना त्यांनाही सुचलेली होती.

असे तिघंही एकमेकांच्या भरवशावर निर्धास्त झाले आणि तिन्ही कुलपांचं ओझं माझ्या एकट्याच्या छातीवर आलं. परराष्ट्रखात्यात माणसं लवकर म्हातारी का दिसतात ते मला कळू लागलं. पेटी उघडणार नाही हे मला माहीत होतं, आणि उघडली नाही की गाव कुणाला बोल लावणार हेही माहीत होतं. मी कासिल्दाला फक्त एवढंच म्हणालो, की तो अर्ज मागं घ्यावा म्हणतोय.

ती इस्त्री करत होती. म्हणाली, "आजोबांनी सूट काढलाय. दुपारी बेकरी बंद झाली की आत झाडू उभा धरून चालून बघतात. मी दारातून बघितलं. त्यांना माहीत नाही." मग इस्त्री उभी ठेवून म्हणाली, "आणि त्या कागदात काही वाईटच निघालं तर? आजवर ती नुसती बोलवा आहे. उद्या सही-शिक्क्यानिशी वाचून दाखवतील, सगळ्यांसमोर. याचा विचार केलायस तू?"

मी तो केलेला नव्हता. झाडू धरून चालणारा म्हातारा माझ्या डोळ्यांपुढून जाईना. माझी मलाच लाज वाटली, आणि त्या लाजेला कुठल्याही शेजाऱ्याकडे सल्ला नव्हता.

उत्सवाचा दिवस उजाडला. चौकात उंच टेबल मांडून त्यावर पेटी ठेवली होती. पुढं खुर्च्यांवर प्रांताचे प्रतिनिधी घाम पुसत बसले होते, मागं सगळं गाव, बाजूला बँड. तोरिबियो झेंडा घेऊन नगरपालिकेच्या पायऱ्यांवर तयार. चौकाच्या पलीकडे, बेकरीच्या दारात, सूट आणि टाय घालून आजोबा. मी साक्षीदार म्हणून पेटीच्या मागं उभा होतो.

व्हिसिता मखमली उशीवर कोठीची किल्ली घेऊन आली. फादरांनी झग्याच्या खिशातून घंटाघराची किल्ली काढली आणि तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं, म्हणजे काही कमीजास्त असेल तर ते त्यातच धुऊन निघेल. दोन्या ब्रिगिदांनी हातमोजे काढून विषाच्या कपाटाची किल्ली दोन बोटांत धरली. तिघांनी एकमेकांकडे न बघता मान झुकवली. बँडनं एक सूर धरला. तीन किल्ल्या तीन भोकांत गेल्या आणि एकदम फिरल्या. रिकाम्या कपात चमचा फिरावा तशा फिरल्या, कुठंही न अडता. मी डोळे मिटून घेतले.

दिखाव्यापुरता कुणीतरी झाकणाला हात दिला, कुरकुर असा आवाज झाला आणि पेटीचं झाकण उघडलं.

पेटीला कुलूपच राहिलेलं नव्हतं. आतली कडी, अडसर, जे काय असेल ते कधीच गंजून गळून पडलं होतं. पोरासोरानं एका बोटानं उचललं असतं तरी ते झाकण उघडलं असतं. पण तीन किल्ल्यांशिवाय ते उघडत नाही हे सगळ्यांना इतकं पक्कं ठाऊक होतं, की आजवर त्याला कुणी बोट लावलंच नव्हतं. तिघांनी आधी आपल्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. प्रत्येकाला पहिल्यांदा चमत्कार वाटला आणि मग हळूहळू सगळं उमगत गेलं. फादरांनी छातीवर क्रुसाची खूण केली. चौकात टाळ्यांचा कडकडाट झाला.

कुलपांची बाजू आमच्याकडे आणि उभं झाकण गावाकडे असल्यामुळे आत काय आहे ते फक्त आम्हा चौघांनाच दिसत होतं. आत उंदरांचं घर होतं, जुनं, नीटनेटकं आणि रिकामं. कागदाचा भुसा, एक कुरतडलेलं चामडी वेष्टन आणि लाखेच्या मोहरेचा तुकडा. युद्धाचा जाहीरनामा, फ्रेंचांशी झालेला पत्रव्यवहार, तहाच्या बोलण्यांची टिपणं, जे जे आमच्या गावानं जगाच्या इतिहासाला दिलं होतं, ते सगळं कधीच पचून गेलेलं होतं.

"उंदीर," फादर ओठ न हलवता म्हणाले.

व्हिसिताचा चेहरा पांढराफटक पडला होता. दोन्या ब्रिगिदांनी वेष्टन उचलून तिच्या हातात दिलं आणि पुटपुटल्या, "पाठ आहे ना शाळेपासून? मग वाच."

आणि व्हिसितानं वाचलं. ते रिकामं चामडं डोळ्यांसमोर धरून तिनं खणखणीत आवाजात सुरुवात केली, "आम्ही विल्यासार्साचे रहिवासी, कुणाचीही परवानगी न मागता, फ्रेंचांच्या सम्राटाशी युद्ध पुकारत आहोत, आणि तो शरण येईपर्यंत आम्ही थांबणार नाही..." सगळं गाव ओठांतल्या ओठांत बरोबर म्हणत होतं. प्रतिनिधींनी रुमाल खिशात ठेवला आणि ते उभे राहिले. मग सह्या आल्या. नगराध्यक्षाची, पाद्र्याची, चिटणिसाची. तिथं जाहीरनामा संपतो. व्हिसितानं श्वास घेतला आणि वेष्टन खाली ठेवू लागली.

मी बेकरीकडे पाहिलं. आजोबांचा एक हात पडद्यावर गेलेला होता.

मी काहीही बोललो नाही. मी फक्त खिशातल्या गाडीच्या किल्ल्या जरा वाजवल्या. सवयीनं वाजवल्या, असं मी आजही म्हणतो. पण तीन माना एकदम माझ्याकडे वळल्या, आणि तीन माणसांना एकाच वेळी आठवलं, की कुणाचं काय मला माहीत आहे.

व्हिसितानं वेष्टन पुन्हा वर उचललं. "इथं आणखी एक सही आहे," ती म्हणाली. तिचा आवाज किंचित कापला, पण ते प्रसंगाला शोभून दिसलं. "बोनिफासियो तेखेदो. बेकर."

फादर पुढं वाकले. "स्पष्ट आहे," ते म्हणाले. त्या वेळी त्यांचे डोळे मिटलेले होते, त्यामुळे ते खोटं बोलले असं म्हणता येणार नाही. दोन्या ब्रिगिदांनी चष्मा लावला, आत निरखून पाहिलं आणि पहिल्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, "आणि अक्षर किती वळणदार." त्या तिघांना इतकं एकमतानं वागताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

आजोबा पडदा हातात धरून तसेच उभे होते. त्यांना आत जायचं सुचेना आणि बाहेरही येववेना. तेव्हा पायऱ्यांवरून तोरिबियो उतरला. आयुष्यात एकदाच येणारा त्याचा मान, नवे बूट, नवा पट्टा, सगळं घेऊन तो चौक ओलांडून सरळ बेकरीच्या दाराशी गेला आणि झेंडा पुढं करून म्हणाला, "धर रे गाबाचो. बघ वजन."

आजोबांनी तो दोन्ही हातांनी धरला. झेंडा जड होता. पहिल्या चार पावलांत काठी डोलली, मी धावत जाऊन मागं उभा राहिलो, पण त्यांनी मानेनंच मला दूर हो म्हणून सांगितलं. मग त्यांची पावलं लागली. झाडूवरचा सराव कामी आला. चर्चपर्यंत त्यांनी कुणालाही हात लावू दिला नाही, आणि दोन्ही बाजूंनी लोक "चल गाबाचो, चल" असं ओरडत होते. शब्द तोच होता. ओरडणाऱ्यांची नाकं तेवढी सरळ होती. कासिल्दा उघड उघड रडत होती. माझ्या डोळ्यांत बँडवाल्यांच्या पितळेची तिरीप गेली होती, एवढंच सांगतो.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर मी खाली बेकरीत गेलो. आजोबा टाय सैल करून बसले होते, समोर पाव आणि डॉक्टरांनी बंदी घातलेली वाइन. चेहरा असा, की दहा वर्षं मागं गेलेला. मी बसलो. त्यांनी माझ्यासाठी ग्लास भरला आणि म्हणाले, "व्हिसिता छान वाचते."

"हो," मी म्हणालो.

"फक्त एक. आमच्या बोनिफासियोला लिहिता येत नव्हतं. माझ्या आजोबांनाही नव्हतं. पावावर सुरीनं जी फुली मारतो ना, तीच ते कागदावर मारायचे. वळणदार कसली."

मी ग्लास खाली ठेवला. माझं तोंड उघडं राहिलं असावं, कारण ते हसले. अगदी मजेत, खांदे हलवत हसले. मग पाव ओढून घेऊन सावकाश कापता कापता त्यांनी जे सांगितलं ते मी त्या घरात जावई झाल्यापासून कधी ऐकलेलं नव्हतं. फ्रेंच आले तेव्हा जाहीरनाम्यावर सह्या करणारे तिघंही डोंगरात पळाले होते. गावात म्हातारीकोतारी आणि पोरं उरली होती. सैन्य उपाशी होतं, आणि वाटेतलं आधीचं गाव त्यांनी जाळलं होतं. बोनिफासियोनं भट्टी पेटवली आणि जेवढं पीठ होतं तेवढ्याचा पाव भाजला. फ्रेंच पोटभर खाऊन झोपले आणि सकाळी उठून चालते झाले. विल्यासार्साची एक काडी जळली नाही. तिघं डोंगरातून परत आले, तेव्हा गाव जागच्या जागी होतं, आणि ते कसं काय, याचं उत्तर त्यांना नको होतं.

मी ताडकन उठलो. "आजोबा, हे आधी का नाही सांगितलंत? खरा पराक्रम तर हा आहे. अख्ख्या युद्धात असा तह कुणी केला नसेल. मी उद्याच प्रांताला अर्ज करतो, माद्रिदला लिहितो, फ्रेंचांच्या दप्तरातही काहीतरी असेल..."

"बस खाली," आजोबा म्हणाले. "कशाच्या जोरावर लिहिशील? पुरावा त्यांनी त्याच रात्री खाल्ला."

आणि त्यांनी फुलीच्या बाजूचा एक जाडसा तुकडा कापून माझ्यापुढं सरकवला. मी तो घेतला, आणि बसून खाल्ला.